रिन्यू, रिनोव्हेट, रिफर्बिश, रीस्टोअर: कारखान्याच्या इंग्रजी माहितीपत्रकात कुठे काय वापरायचं?

पूर्वभाग_सोलापूर (प्रश्न)

टेरी टॉवेल आणि चादरीच्या युनिटचं माहितीपत्रक मराठीतून इंग्रजीत करायचं आहे, परदेशी खरेदीदारांसाठी. मूळ मजकुरात ‘नूतनीकरण’ हा एकच शब्द सहा ठिकाणी आलाय:

१. फॅक्टरी लायसन्सचं नूतनीकरण.
२. शेडचं नूतनीकरण: ॲस्बेस्टॉसचे पत्रे काढून स्टीलचे टाकले, फरशी आणि वायरिंग नवीन.
३. २४ साध्या यंत्रमागांचं नूतनीकरण: सांगाडा तोच, पण धागा तुटला की माग आपोआप थांबेल अशी जोडणी बसवली.
४. युरोपातून आलेले जुने रेपियर (धोट्याविना चालणारे) माग, विकणाऱ्यानं ‘नूतनीकरण करून’ दिलेले.
५. बंद पडलेल्या जकार्ड (मागावर विणल्या जाणाऱ्या नक्षीच्या) डिझाइनचं नूतनीकरण.
६. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मागांचं नूतनीकरण.

सगळीकडे ‘रिन्यू’ टाकलं तर चालेल का? वाचताना खटकतंय, पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही.

शब्दखोर

चूक तुमची नाही, ‘नूतनीकरण’ची आहे. सरकारी मराठीनं परवान्यालाही तोच शब्द दिला आणि नाट्यगृहालाही तोच. इंग्रजीत मात्र हे दोन अगदी वेगळे संसार आहेत.

‘रिन्यू’ हा आधी तारखेचा शब्द. मुदत संपते, ती पुन्हा चालू करायची. लायसन्स, पासपोर्ट, विमा, भाडेकरार, ग्रंथालयाचं पुस्तक. सोलापुरी चादरीच्या भौगोलिक मानांकनाची नोंदणीही १० वर्षांची असते, ती रिन्यू होते. त्यामुळे क्रमांक १ बरोबर आहे. फक्त मुदत जोडा: ‘रिन्यूड अंटिल’ आणि पुढे तारीख. अमुक वर्षांसाठी म्हणायचं असेल तर ‘रिन्यूड फॉर’. ‘रिन्यूड टिल डेट’ लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही.

मग ‘वी रिन्यूड अवर लूम्स’ वाचून परदेशी माणसाला काय वाटेल? एक तर मागांचा भाडेकरार वाढवला, नाहीतर सगळे माग काढून नवे आणले. दोन्ही खोटं.

हा दुसरा अर्थ काल्पनिक नाही बरं का. रेल्वेत ‘ट्रॅक रिन्यूअल’ म्हणजे जुने रूळ, स्लीपर उचलून त्या जागी दुसरे टाकणं. सोलापूर विभागाच्या निविदांमध्येही हाच शब्द दिसेल. तिथं तो बरोबर आहे, कारण वस्तू खरंच बदलते. तुमच्या मागाचा सांगाडा तोच आहे, म्हणून तिथं चालणार नाही.

शेडला ‘रिनोव्हेट’. हा इमारतीचा शब्द: घर, शेड, हॉटेल, स्वयंपाकघर. ‘रिनोव्हेटेड मशीन’ व्याकरणात बसतं, पण इंग्रजी कानाला ते यंत्राला चुना लावल्यासारखं लागतं.

माग_मेकॅनिक

यंत्रांचं मी सांगतो. इथं शब्द चुकला तर भाषेची चूक म्हणून सुटत नाही, खरेदीदार त्याला वचन समजतो.

क्रमांक ६ म्हणजे नेमकं काय करता? बीम उतरवून, पट्टे काढून माग खोलता, क्रँकशाफ्टची बेअरिंगं, बुश, पिकर, पिकिंग स्टिक, धोट्याची पेटी, ब्रेकचं अस्तर सगळं तपासता, झिजलेलं बदलता आणि पुन्हा जोडून टायमिंग लावता? मग तो ‘ओव्हरहॉल’. यात खोलणं आणि तपासणं हे दोन्ही आलंच पाहिजे. नुसती कापसाची धूळ उडवून, तेल-ग्रीस देऊन पिकर बदलला असेल तर ते ‘सर्व्हिस’. त्याला ओव्हरहॉल म्हटलं आणि ऑडिटला आलेल्या माणसानं रजिस्टर मागितलं, तर दाखवणार काय?

क्रमांक ३ ला ‘अपग्रेड’, कारण यंत्राची पातळी वाढली. साध्या मागावर वॉर्प स्टॉप मोशन (उभा धागा तुटला की माग थांबवणारी जोडणी), वेफ्ट स्टॉप मोशन (आडव्या धाग्यासाठी तशीच) बसवून तो सेमी-ऑटोमॅटिक करण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेचं नावच ‘इन-सिटू अपग्रेडेशन ऑफ प्लेन पॉवरलूम्स’ होतं. वाक्य असं करा: ‘ट्वेंटी-फोर प्लेन लूम्स वेअर अपग्रेडेड टू सेमी-ऑटोमॅटिक’. बसवलेल्या जोडणीवर जोर द्यायचा असेल तर ‘रेट्रोफिटेड विथ वॉर्प अँड वेफ्ट स्टॉप मोशन्स’. रेट्रोफिट म्हणजे मुळात नसलेला भाग नंतर बसवणं. अपग्रेडनंतर ‘टू’, रेट्रोफिटनंतर ‘विथ’. ‘अपडेट’ नको, तो माहितीला आणि सॉफ्टवेअरला लागतो. ‘अपडेटेड लूम्स’ म्हणजे मागात कंट्रोल पॅनेलचा प्रोग्रॅम बदलला असं वाटेल.

क्रमांक ४ सगळ्यात धोक्याचा. तीन शब्द शेजारी बसतात, पण वजन वेगळं:

‘रिफर्बिश्ड’ हा सैल शब्द. मूळ अर्थ घासून-पुसून लख्ख करणं. मोबाइलच्या दुकानात चालतो, पण आत काय बदललं ते सांगत नाही.

‘रीकंडिशन्ड’ म्हणजे निकामी व्हायला आलेले मुख्य भाग, तक्रार नसली तरी, दुरुस्त करून किंवा बदलून यंत्र समाधानकारक चालतं केलं.

‘रीमॅन्युफॅक्चर्ड’ सगळ्यात जड. निदान मूळ यंत्राइतकी कामगिरी आणि नव्यासारखी वॉरंटी. बीएस ८८८७-२ या ब्रिटिश मानकात हा फरक व्याख्येसकट दिलाय. वॉरंटीचा कागद हातात नसेल तर या शब्दाला हात लावू नका.

मुख्य भाग खरंच दुरुस्त केले किंवा बदलले असतील तर रीकंडिशन्ड बसतं. विकणाऱ्याच्या बिलावर जो शब्द आहे तोच माहितीपत्रकात ठेवा. सुटे भाग आयात करत असाल तर आणखी जपून: रिफर्बिश्ड किंवा रीकंडिशन्ड स्पेअर्सना चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं, मूळ भागाच्या आयुष्यापैकी किमान ८० टक्के शिल्लक असल्याचं. तिथं हे शब्द शोभेचे नाहीत.

आणि नेमकं क्रियापद असेल तर मोठा शब्द लागतच नाही. मोटर जळाली की ‘रीवाइंड’, ब्रेकला ‘रीलाइन’, सिलिंडरला ‘रीबोअर’, टायरला ‘रीट्रेड’. ‘मोटर वॉज रिन्यूड’पेक्षा ‘मोटर वॉज रीवाउंड’ केव्हाही खणखणीत.

टाकावरचा_हिशोब

मालक, हिशेबाची बाजूही बघा. माहितीपत्रक एक सांगतं आणि खातेवही दुसरंच, असं नको. १९६१ च्या आयकर कायद्यात (तो मार्च २०२६ पर्यंत लागू होता) कलम ३१ खाली ‘करंट रिपेअर्स’चा, म्हणजे चालू दुरुस्तीचा, खर्च वजा मिळायचा, भांडवली खर्च मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली सरवणा स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात सूतगिरणीतली रिंग फ्रेम (सूत कातायचं यंत्र) बदलणं हे करंट रिपेअर मानलं नाही, कारण ती स्वतंत्र यंत्र आहे. खर्च ‘रिपेअर’मध्ये टाकायचा आणि माहितीपत्रकात ‘रीबिल्ट’, ‘रिप्लेस्ड’ लिहायचं, हा उद्योग करू नका.

शब्दखोर

क्रमांक ५ राहिला. बंद पडलेलं डिझाइन पुन्हा विणायला घेतलं तर ‘रिव्हाइव्ह’. नक्षी तीच ठेवून फक्त रंग बदलले तर ‘रीकलर’. जुन्या पंचकार्डांवरून (नक्षीप्रमाणे भोकं पाडलेली कार्डं) संगणकात घेतलं तर ‘डिजिटाइज’. तिन्ही केलं असेल तर तिन्ही लिहा. ‘रिव्हॅम्प’ टाळा. मुळात तो चांभारकामातला शब्द: व्हॅम्प म्हणजे बुटाचा वरचा पुढचा भाग, तो नवा लावणं. आज वेबसाइट, मेन्यू, कार्यक्रम यांना लागतो आणि जरा सवंग वाटतो.

पूर्वभाग_सोलापूर

भारीच. शेवटच्या पानावर ‘आमचं सोलापूर’ आहे, त्यात पंढरपूरच्या मंदिराचा उल्लेख येतो. तिथं ‘जीर्णोद्धार’ला रिनोव्हेट?

शब्दखोर

नको. ‘रीस्टोअर’ म्हणजे पूर्वी होतं तसं करणं. विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यातलं नंतर लावलेलं ग्रॅनाइट २०२४ मध्ये काढून मूळ दगड उघडा केला, ते रीस्टोरेशन. ऑस्ट्रेलियाच्या बुर्रा चार्टरमध्ये (वारसास्थळांच्या जतनाची तत्त्वं) हाच फरक पकडलाय: नंतरची भर काढून किंवा आहेत तेच भाग जुळवून जुनं रूप आणलं तर रीस्टोरेशन, नवं साहित्य घातलं तर रीकन्स्ट्रक्शन. आपला ‘जीर्णोद्धार’ दोन्हींना पोटात घेतो, म्हणून आधी विचारायचं की पाडून बांधलं का. तसं असेल तर सरळ ‘रीबिल्ट’. रिनोव्हेटमध्ये जुन्या रूपाची हमी नसते, नव्या टाइल्स लावल्या तरी ते रिनोव्हेशनच.

पूर्वभाग_सोलापूर

शेडचं वाक्य असं केलंय, बघा: ‘द शेड वॉज रिनोव्हेटेड, वी सब्स्टिट्यूटेड ॲस्बेस्टॉस शीट्स फॉर स्टील.’

माग_मेकॅनिक

थांबा, छापू नका! याचा अर्थ स्टील काढून ॲस्बेस्टॉस टाकलं असा होतो. सब्स्टिट्यूटमध्ये नवी वस्तू आधी येते, ‘फॉर’नंतर जुनी. रिप्लेसमध्ये उलट, जुनी आधी आणि ‘विथ’नंतर नवी. टॉवेलचा खरेदीदार हे वाचून फोनच उचलणार नाही. ‘वी रिप्लेस्ड द ॲस्बेस्टॉस शीट्स विथ स्टील’ करा.