ब्लूफिन टूना, जपान आणि ‘आमची खाद्यपरंपरा’ : पटतं का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
२०१० साली दोह्याच्या सायटीस (दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत मोनॅकोनं प्रस्ताव मांडला : अटलांटिक ब्लूफिन टूनाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करा, मासा संपत चाललाय. ‘ही आमची खाद्यपरंपरा’ म्हणत जपाननं विरोधाची आघाडी उघडली. बाजूनं २० मतं, विरोधात ६८. प्रस्ताव पडला.

माझं म्हणणं एवढंच की बंदी खाण्यावर नव्हतीच. सायटीसच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत, नाव गेलं की सीमेपारचा धंदा थांबतो. आपल्या किनाऱ्यावर धरा, खा, कोण अडवतंय? आणि अटलांटिकचा टूना विमानानं टोकियोला जायला लागला १९७० च्या दशकात. त्याआधी कॅनडात हौसेनं गळ टाकणारे हा मासा फोटो काढून झाला की टाकून देत. याला परंपरा म्हणायचं तर हायवेवरचा शेवभाजीचा ढाबाही प्राचीन म्हणा.

तापीवाला (भुसावळ)
भो, आपल्या आठवडी बाजारातलं सुकट-बोंबील काय तापीतून येतं? आपणही दुसऱ्याच्याच समुद्राचं खातो. पावसाळ्यात भाजी महागली की घरोघर तेच.
दुसरं, भूमध्य समुद्रात टूना धरून, पिंजऱ्यात पोसून जपानला विकणारे कोण? स्पेन, फ्रान्स, इटली. विकणारा नामानिराळा आणि खाणारा गुन्हेगार! शिवाय बंदी न घालता मासा सावरलाच की. आयकॅटनं (अटलांटिकच्या टूनाची पकड ठरवणारी देशांची संस्था) कोटा घटवला आणि २०२१ मध्ये आययूसीएननं (कुठला जीव धोक्यात आहे याची यादी करणारी संस्था) त्याला धोक्याच्या यादीतून काढलं.

गिरणाकाठ
विकणाऱ्यांबद्दल मान्य. पण कोटा घटला कधी ते बघा. २००८ मध्ये शास्त्रज्ञ सांगत होते १५,००० टनांच्या वर जाऊ नका, आयकॅटनं पुढच्या वर्षासाठी २२,००० दिले. २००९ मध्ये मोनॅकोची हालचाल सुरू झाली आणि २०१० चा कोटा एकदम १३,५००! पाठीवर काठी दिसल्याशिवाय बैल हलला नाही.

पांझरेची पोर (धुळे)
बोंबलाचा दाखला इथे बसत नाही दादा. तो बाजारात येतो तो देशातल्या देशात, सायटीसचा त्याच्याशी संबंध नाही. आणि आपल्याकडेही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असतेच. कोळ्यांची परंपरा बुडाली का?

खानदेशी खवय्या
युरोपनं १९९७ मध्ये बोंबील बंद केलाच होता ना? मग?

पांझरेची पोर (धुळे)
तो स्वच्छतेच्या नियमांचा विषय होता, मासा संपण्याचा नाही. पुढे उठलीही ती बंदी. दोन्हींची खिचडी करू नका.

तापीवाला
बरं, मग शार्कचं बोला. २०१५ मध्ये भारतानं शार्कच्या परांची निर्यात बंद केली. ज्या जातींना संरक्षण नाही त्या धरायला मुभा आहे, मटण इथे विकायलाही आहे. कोकणात मुशीचं, म्हणजे शार्कचंच, कालवण होतंच. पण सगळ्यात महाग भाव परांनाच, आणि ती बाहेर पाठवायची नाहीत. म्हणजे परांचं सूप पिणारा बीजिंगात नि फटका गुजरातेतल्या वेरावळच्या नाखव्याला. जपानचं सोडा, याला नुकसानभरपाई कोण देणार ते सांगा.

गिरणाकाठ
द्यायलाच हवी, आणि बंदीच्या त्याच आदेशात लिहून द्यायला हवी. पण त्यासाठी परं पुन्हा खुली करा म्हणाल तर नाही. नाखव्याला आजचे चार पैसे मिळतील, त्याच्या पोराच्या जाळ्यात काय येणार?

तापीवाला
पोराचं पुढे बघू भो. बोटीच्या कर्जाचा हप्ता याच महिन्यात आहे.