मराठी लेखनासाठी 'फक्त लिहायचं' यंत्र: निओ की रास्पबेरी पाय?

शाईदौत
इंटरनेट नसलेलं, उघडलं की लिहायला लागायचं असं छोटं यंत्र हवंय. लेखन पूर्ण मराठीत, टायपिंग इनस्क्रिप्टने (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीने). दोन पर्याय समोर आहेत: सेकंडहँड अल्फास्मार्ट निओ (कीबोर्ड आणि छोटा पडदा असलेलं जुनं टायपिंग यंत्र), नाहीतर रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (एकाच पट्टीवरचा छोटा कॉम्प्युटर) आणि ४० टक्केवाला, म्हणजे आकड्यांची ओळही नसलेला, चिमुकला कीबोर्ड. ई-इंक (कागदासारखा दिसणारा, ई-पेपर) पडदा जमला तर सोन्याहून पिवळं. निओवर मराठी होतं का? पायवर जोडाक्षरं नीट दिसतात का?

खिळेजुळारी
निओच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही. पण एक पळवाट आहे. निओ यूएसबीने जोडून 'सेंड' दाबलं की तो फाइल देत नाही, स्वतःच कीबोर्ड असल्यासारखा एकेक बटण 'दाबत' जातो. तेव्हा कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट चालू असेल तर समोर मराठी येतं. 'दुसऱ्या' लिहायला ओ, जी, एम, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई अशी बटणं लागतात. निओवर हीच सात रोमन चिन्हं दिसतील, वर्डमध्ये 'दुसऱ्या'.

गोची अशी की मागचा परिच्छेद वाचायची सोय नाही. शिवाय प्रश्नचिन्ह शिफ्ट-स्लॅशवर, त्याचं इनस्क्रिप्टमध्ये य़ होतं. मजकूर उतरल्यावर सगळे य़ शोधून बदलायचे. पाठवण्याआधी वर्डचं ऑटोकरेक्ट बंद ठेवा. एए आकाराचे ३ सेल महिनोन्‌महिने पुरतात हे खरं, पण उत्पादन २०१३ मध्येच थांबलंय. घेताना प्रत्येक बटण दाबून बघा आणि पडद्यावर मेलेल्या रेघा नाहीत ना ते तपासा.

अर्धा_र
मराठीसाठी मी पायच सांगेन, मात्र ई-इंकचा नाद सोडा. ह्रस्व वेलांटी आपण व्यंजनानंतर टाइप करतो पण ती दिसते आधी. 'क', हलन्त, 'ष' मिळून क्ष होतो. म्हणजे प्रत्येक बटणाला आधी काढलेलं अक्षर पुसून नव्याने काढावं लागतं. स्वस्त ई-पेपर पडद्यांवर हा खेळ डोळ्याला टोचतो. ईएसपी३२ या स्वस्त चिपवर चालणाऱ्या साध्या डिस्प्ले लायब्ररी तर जोडाक्षरं जुळवतच नाहीत, 'कि'ची वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन बसते.

तीच गत लिनक्सच्या काळ्या कन्सोलची (नुसत्या मजकुराच्या पडद्याची). तिथे फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि अक्षरजुळणी होत नाही. त्यामुळे पायची हलकी सिस्टिम, रास्पबेरी पाय ओएस लाइट टाका, त्यावर खिडक्या दाखवणारे एक्स आणि ओपनबॉक्स, आणि लॉगिन होताच फोकसरायटर (फक्त लिहिण्याचं सॉफ्टवेअर) पूर्ण पडद्यावर उघडेल असं करा. फोकसरायटर क्यूटी या सॉफ्टवेअर-चौकटीवर चालतो, जोडाक्षरं बरोबर येतात. फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी, आकार मोठा. ५१२ एमबी रॅम एवढ्याला पुरते. ब्राउझर टाकूच नका, मग वायफाय असलं तरी फिरकायला जागा नाही.

जोडणीत हमखास होणारी चूक: पायवर दोन मायक्रो-यूएसबी आहेत. 'पीडब्ल्यूआर' लिहिलेल्यात फक्त वीज. कीबोर्ड शेजारच्या 'यूएसबी'त, तोही ओटीजी अडॅप्टरने (मायक्रो-यूएसबीत साधा यूएसबी बसवणाऱ्या जोडणीने). एचडीएमआय मिनी आकाराचं आहे, मायक्रो केबल घेऊन याल तर बसणार नाही.

ठोकळा६५
४० टक्के कीबोर्ड इनस्क्रिप्टला अजिबात घेऊ नका. इंग्रजीत चौकटी कंस क्वचित लागतो, इनस्क्रिप्टमध्ये तिथे 'ड' आहे, शिफ्टसह 'ढ'. बॅकस्लॅशवर 'ॉ', बरोबरच्या चिन्हावर 'ृ'. आकड्यांच्या ओळीवर शिफ्टसह ज्ञ, त्र, क्ष, श्र. हे सगळं लेअरमध्ये (दुसरं बटण धरून मिळणाऱ्या थरात) गेलं की 'आवडलं' लिहिताना दर वेळी दोन बटणं.

६० टक्के (६१ बटणं) चालेल. त्यात टिल्डचं बटण एस्केपला चिकटलेलं असतं, पण तिथला 'ॊ' मराठीत लागत नाही. बाण मात्र एफएन धरून. म्हणून ६५ टक्के घ्या, बाण वेगळे मिळतात. क्यूएमके किंवा व्हीआयए (बटणांची कामं बदलू देणारी सॉफ्टवेअर) चालणारा असेल तर कॅप्सलॉकवर भाषा बदलायचं बटण बसवा, इनस्क्रिप्टमध्ये कॅप्सलॉक तसाही निरुपयोगी.

शाईदौत
मग पाय आणि ६५ टक्के. पॉवर बँकेवर किती चालेल? आणि सरळ वायर उपटून बंद केलं तर?

अर्धा_र
७ इंची पडद्यासकट ५ वॅट धरा. १०,००० एमएएचची बँक म्हणजे ३७ वॅट-तास, रूपांतरात काही जाते. सहा तास मिळतात.

वायर उपटू नका, नेमकं लिहिणं चालू असेल तर एसडी कार्डावरच्या फाइली खराब होतात. पायच्या पिन ५ आणि ६ मध्ये एक साधं पुश-बटण सोल्डर करा आणि कॉन्फिग फाइलमध्ये 'जीपीआयओ-शटडाउन' ओव्हरले (बटणाने बंद करण्याची तयार सोय) चालू करा. दाबलं की नीट बंद, पुन्हा दाबलं की चालू. फोकसरायटरचं आपोआप जतन करणंही चालू ठेवा.

आणि कार्ड काढून विंडोजमध्ये घालाल तर लेखन दिसणार नाही, तो भाग ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल-मांडणी) असतो. ओटीजी अडॅप्टरऐवजी ओटीजी हबच घ्या, म्हणजे कीबोर्डाशेजारी पेनड्राइव्ह लावून प्रत काढता येते.