मदत हवी आहे: विहिरीच्या नोंदींसाठी कोणती मेमरी चिप घेऊ?

नमस्कार मंडळी. परभणीजवळच्या आमच्या शेतात विहिरीवर आर्डुइनो ऊनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड बसवलाय. दर १० मिनिटांनी पाण्याची पातळी, तापमान आणि वेळ अशी ८ बाइटची नोंद होते. दिवसाला १४४ नोंदी, म्हणजे ११५२ बाइट. ऊनोच्या आतली ईईप्रॉम (लाइट गेली तरी नोंदी टिकवणारी मेमरी) १०२४ बाइटची, त्यात एक दिवसही मावत नाही.

आधी एसडी कार्ड लावलं होतं. लिहिताना लाइट गेली की फाइल खराब व्हायची. मार्चमधल्या सहा दिवसांच्या नोंदी अशाच गेल्या. खरं तर उन्हाळ्यातच रात्रीतून विहिरीला पाणी किती येतं हे कळायला हवं. त्यावरूनच वडील मोसंबीला किती पाणी सोडायचं ते ठरवतात.

आता २४सी२५६ ही वेगळी ईईप्रॉम चिप मनात आहे. आयटूसीवर (दोन तारांच्या जोडणीवर) चालते, ५ व्होल्टही चालतात. पण ३२ केबी २८ दिवसांतच भरणार, आणि लिहायला ५ मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. नेमकी तेव्हाच लाइट गेली तर? डब्ल्यू२५क्यू३२ या फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये ४ एमबी, जवळपास १० वर्षं पुरेल. पण ती ३.३ व्होल्टची, आणि पुसायचं तर किमान ४ केबीचा अख्खा सेक्टर (मेमरीचा ठोकळा). एफरॅम या तिसऱ्या प्रकारच्या मेमरीला लिहिताना थांबावंच लागत नाही. मला तीच आवडलीय, पण महाग पडते.

५ व्होल्टच्या लाइनवर लाइट गेल्यावर क्षणभर वीज पुरवायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून २४सी२५६ वर भागेल का? की नोंदीला चेकसम (नोंद बिघडली का ते ओळखायचा आकडा) जोडून फ्लॅशच घेऊ? शेतात असं काही चालवलेल्यांनी कृपया सांगा. सर्किटचा फोटो लागला तर टाकतो.