इंटरकॉम बंद पडल्यावर बॉम्बर विमानातले लोक एकमेकांना खुणा कशा करायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बर कमांडबद्दल (हवाई दलाची बॉम्बफेकी विमानांची शाखा) कोणी खोलात वाचलं असेल तर प्लीज सांगा. आमच्या वाचनकट्ट्यावर मला ३० मार्च १९४४ च्या रात्रीच्या जर्मनीतल्या न्युरेम्बर्ग शहरावरच्या मोहिमेवर बोलायचंय आणि एका जागी गाडी अडलीये.

बाकी बरंच हाताशी आहे. ७९५ विमानं निघाली, ९५ परतलीच नाहीत, एका रात्रीत एवढी विमानं बॉम्बर कमांडने कधीच गमावली नव्हती. चंद्र वर होता, बेल्जियमवरून पुढे लांबच लांब सरळ रेषेत जायचं होतं आणि जर्मन नाइट फायटर जिथे घिरट्या घालत थांबले होते नेमकी तिथूनच वाट गेली, वर थंडीने विमानांमागे पांढरे पट्टे उमटायला लागले म्हणजे अंधाराचा आडोसाही गेला.

मी अडकलेय सिरिल बार्टनपाशी. हॅलिफॅक्स या चार इंजिनांच्या बॉम्बर विमानाचा पायलट, वय २२. टार्गेट साधारण ११० किलोमीटरवर असताना फायटरने गाठलं, पहिल्याच फैरीत इंटरकॉम गेला, मशीनगनही बंद पडल्या, आणि त्या गोंधळात कुठल्यातरी खुणेचा चुकीचा अर्थ लागून नॅव्हिगेटर (वाट आखणारा), बॉम्ब एमर (नेम धरून बॉम्ब टाकणारा) आणि वायरलेस ऑपरेटर तिघांनी पॅराशूट घेऊन उड्या मारल्या. बार्टन तरीही पुढे गेला, बॉम्ब टाकले, नॅव्हिगेटरशिवाय इंग्लंड गाठलं आणि सन्डरलँडजवळ रायहोपला विमान कोसळून गेला. इंजिनियर आणि दोन्ही गनर वाचले. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

उड्या मारणाऱ्या तिघांना कोणी पळपुटे म्हटलं की मला फार राग येतो. हॅलिफॅक्समध्ये ते तिघं पायलटच्या खाली, नाकाकडे बसायचे, बाहेर पडायचं दारही तिथेच जमिनीत. तोंडावर ऑक्सिजन मास्क, चार इंजिनांचा आवाज, ओरडून काय ऐकू जाणार?

तर मला हे हवंय, की इंटरकॉम गेल्यावर दिव्याने मोर्समध्ये खुणा करायचे का, आणि ‘उडी मारा’ आणि ‘तयार राहा’ यांच्या खुणा इतक्या सारख्या होत्या का? शेपटातल्या गनरला मागून फायटर येताना दिसला तर वळवायला पायलटला कळवायचा कसा? हॅलिफॅक्सच्या क्रूला दिलेल्या ड्रिलची स्कॅन केलेली पानं कोणाकडे असतील तर फारच उपकार होतील, इंग्रजीत असली तरी चालतील. कार्यक्रम येत्या रविवारी आहे.