पायांचा रक्तपुरवठा कमी झालेल्या ज्येष्ठांचे जगणे : आपले अनुभव लिहावेत

माझे वडील निवृत्त शिक्षक, वय ७६, साताऱ्यात राहतात. रोज संध्याकाळी वाचनालयात जाण्याचा त्यांचा नेम होता. दोन वर्षांपूर्वी ते वाटेत थांबू लागले. पोटरीत गोळा आला की विजेच्या खांबाला हात टेकून समोरच्या भिंतीवरची जाहिरात वाचत असल्यासारखे उभे राहायचे आणि दोन-तीन मिनिटांत दुखणे ओसरले की पुढे निघायचे. आम्ही ते वयावर घातले, नंतर वर्षभर गुडघ्याचे उपचार झाले. चालताना होणारे आणि नुसते उभे राहिल्याने ओसरणारे दुखणे बहुधा धमन्यांचे असते, तर बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच थांबणारे दुखणे मणक्याकडून येत असण्याची शक्यता अधिक असते, हे आम्हाला फार उशिरा कळले. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढले तेव्हा ते ०.६ आले; ०.९च्या खाली आजार धरतात. त्या आकड्यापेक्षा मनाला अधिक लागले ते हे, की तोवर त्यांनी वाचनालय सोडले होते आणि ‘हल्ली चांगली पुस्तके येत नाहीत’ असे कारण सांगत होते. आपल्या घरातल्या ज्येष्ठांचे या आजारात काय सुटले आणि काय परत मिळाले, ते कृपया सविस्तर लिहावे.

सोलापूर जिल्ह्यातून

आईला मधुमेह आहे आणि तंबाखूच्या मिश्रीची सवय चाळीस वर्षांची. तिचे दुखणे रात्रीचे. आडवे झाले की पाऊल आणि बोटे ठणकायची, मग ती खाटेवरून पाय खाली सोडून बसायची, कारण पाय खाली असला की रक्त थोडे अधिक उतरते. काही महिने ती खुर्चीतच झोपत होती. दिवसा डुलक्या घ्यायची, चिडायची, आणि नातवंडे हळूहळू तिच्याजवळ जाईनाशी झाली. पाऊल गार लागते म्हणून एके रात्री मीच गरम पाण्याची पिशवी लावली. मधुमेहाने तिच्या पायाची संवेदना बोथट झाली आहे, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. सकाळी टाचेजवळ मोठा फोड होता. ती जखम सात महिने भरली नाही; धमनीत स्टेंट घातल्यानंतरच ती भरू लागली. अशा पायाला शेक देऊ नये, सुती मोजे घालावेत आणि दररोज उजेडात तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, एवढे तरी वाचणाऱ्यांनी करावे, ही कळकळीची विनंती.

ठाण्याहून

मी स्वतः रुग्ण आहे, वय ७१. सिगारेट सोडली, रक्ताची गुठळी होऊ न देणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, आणि आठवड्यातून तीन दिवस, दुखेपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे असा व्यायाम करतो. दुखत असताना चालल्याने पाय बिघडेल, ही भीती डॉक्टरांनी नीट समजावून घालवली. तीन महिन्यांत इमारतीभोवतीच्या एका फेरीच्या चार झाल्या. पायाला जखम असलेल्यांनी मात्र हे परस्पर सुरू करू नये.

कोल्हापूरहून

यजमानांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. लिहिताना हात अडखळतो, तरी सांगते, की त्यानंतर ते कित्येक महिन्यांत प्रथमच रात्रभर झोपले. आम्ही मोरीत दांड्या बसवल्या आणि उंबरा काढून टाकला. परंतु भेटायला आलेली माणसे त्यांच्याशी न बोलता माझ्याशीच बोलत, याचे त्यांना पायाहूनही अधिक दुःख झाले आणि ते ओसरीवर येईनासे झाले. पुढे जयपूर फूट बसवल्यावर ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागले, आणि चहाच्या वेळी ओसरीवरची त्यांची जागा पुन्हा त्यांची झाली. आता सगळी काळजी डाव्या पायाची आहे. रोज जेवण झाल्यावर ते ट्यूबखाली बसतात, हातआरशात तळपाय पाहतात आणि बोटांच्या बेचक्या दिसत नाहीत म्हणून मला हाक मारतात.