मदत हवी आहे: पाहुण्यांच्या मेल आंब्याच्या लेबलात जातायत

आमसूल, देवगड

कुणकेश्वरजवळ दोन खोल्यांचं होमस्टे, शिवाय हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डर. दोन्हींना जीमेलचा एकच पत्ता. मे महिन्यात दोन्हीकडची गर्दी एकदम येते म्हणून तीन फिल्टर केलेत.

१. 'हॅज द वर्ड्स'मध्ये हापूस, आंबा, पेटी, आणि हेच शब्द रोमन लिपीत. मधे ओआर, म्हणजे 'किंवा'. लेबल 'आंबा', स्किप इनबॉक्स (मेल इनबॉक्समध्ये न थांबता थेट लेबलात).
२. सब्जेक्टमध्ये रोमन लिपीतलं 'बुकिंग'. लेबल 'खोल्या', स्किप इनबॉक्स.
३. बँक, वीजबिल, रेल्वे तिकिटं. लेबल 'कागद', मार्क अॅज रेड.

पाहुण्याची पहिली मेल नीट येते. आम्ही उत्तर दिलं की त्याची पुढची मेल 'आंबा'त जाते. त्यात आंब्याचं अवाक्षर नसतं. ऑर्डर फॉर्मच्या काही मेल स्पॅममध्ये सापडतात. फोन तर वाजतच नाही. फिल्टरचा क्रम बदलावा म्हटलं तर वर-खाली करायचं बटण मिळत नाही. कुठे चुकतंय?

खाडीपलीकडे

तुमच्या मेलखालच्या सहीत काय लिहिलंय?

आमसूल, देवगड

नाव, फोन आणि 'देवगड हापूस, ५ डझनांची पेटी, फणसपोळी, कोकम आगळ घरपोच'.

खाडीपलीकडे

मग चोर घरातच आहे. 'हॅज द वर्ड्स' फक्त विषय बघत नाही, अख्खी मेल बघतं. पाहुणा रिप्लाय करतो तेव्हा त्याच्या दोन ओळींखाली तुमची आधीची मेल सहीसकट चिकटून येते. त्यात हापूसही आहे आणि पेटीही. 'उद्या रात्री ९ला पोचतो, जेवण ठेवा' ही मेल मग फिल्टरच्या हिशेबात आंब्याची ऑर्डर ठरते, आणि स्किप इनबॉक्स असल्याने समोर येतच नाही. सही बदलून भागणार नाही, कारण 'खोली मिळेल का, आणि हापूस पण मिळेल का' असं पहिल्याच मेलमध्ये विचारणारेही असतात.

शब्दांवर चाळण लावण्यात मराठीची आणखी एक गोची आहे. जीमेल पुरा शब्द जुळवतं, तुकडा नाही. 'आंबा', 'पेटी' लिहिलंत की 'आंब्याची', 'आंबे', 'पेट्या' निसटतात. विभक्ती लागली की शब्दाचं रूपच बदलतं, किती रूपं लिहीत बसणार?

क्रमाचं म्हणाल तर जीमेलमध्ये तो नसतोच. जे जे फिल्टर लागू होतील ते सगळे चालतात. रेल्वे तिकिटाच्या मेलच्या विषयातही 'बुकिंग' असतं, म्हणजे तिकिटाला 'खोल्या' आणि 'कागद' दोन्ही लेबलं लागत असणार, वर ती वाचलेली म्हणून खूणही होत असणार. आउटलुकमध्ये 'यापुढचे नियम थांबवा' अशी खूण करता येते, इथे नाही. इथे प्रत्येक फिल्टरमध्ये काय नको तेही लिहायचं: 'डझन्ट हॅव'च्या रकान्यात, किंवा शब्दाआधी उणे चिन्ह लावून.

सुरूचं बन, रत्नागिरी

वरच्याशी सहमत. मेलमध्ये काय लिहिलंय यापेक्षा ती कोणी पाठवली आणि कुठल्या पत्त्यावर आली यावर फिल्टर लावा. ते सहसा फसत नाही.

जीमेलच्या पत्त्यात @ च्या आधी अधिक चिन्ह आणि कुठलाही शब्द घातला तरी मेल त्याच खात्यात येते. वेगळं खातं उघडायला लागत नाही. ऑर्डरसाठी जिथे जिथे पत्ता छापलाय, म्हणजे पेटीवरचं लेबल, व्हॉट्सअॅपवरचा दरपत्रकाचा फोटो, तिथे तुमचं नाव, मग +, मग रोमन लिपीत अंबा असा पत्ता द्या. फिल्टरमध्ये 'टू'च्या रकान्यात तोच पूर्ण पत्ता. काही वेबसाइटींना + चालत नाही, तिथे साधा पत्ता द्यावा लागतो.

यात एक गळती राहते. तुम्ही उत्तर मूळ पत्त्यावरून पाठवलंत की गिऱ्हाईकाचा रिप्लाय मूळ पत्त्यावर येतो आणि फिल्टर चुकतो. सेटिंग्ज, अकाउंट्स अँड इम्पोर्ट, सेंड मेल अॅज इथे + वाला पत्ता जोडा. मग तिथेच 'ज्या पत्त्यावर मेल आली त्याच पत्त्यावरून उत्तर' हा पर्याय येतो, तो निवडा.

खोल्यांसाठी, बुकिंगच्या पोर्टलवरून येणाऱ्या मेल पाठवणाऱ्यावरून पकडा. पोर्टलवरून पाहुण्याचा निरोप येतो तेव्हा @ च्या आधीचा भाग दर वेळी वेगळा असू शकतो. म्हणून 'फ्रॉम'मध्ये फक्त @ पासून पुढचं लिहा. त्याच पोर्टलच्या जाहिराती वेगळ्या पत्त्यावरून येतात, तो पत्ता वजा करा. कुठला ते बघायला मेल उघडून 'टू मी'शेजारचा छोटा बाण दाबा.

आणि 'क्रिएट फिल्टर' दाबण्याआधी तेच निकष नुसते सर्च करून बघा. समोर येतात त्याच मेल फिल्टरच्या जाळ्यात सापडणार. नको ती मासळी दिसली तर आत्ताच जाळं सुधारायचं.

आमसूल, देवगड

सहीचं ह्या माका म्हायतच नव्हता! आता हे सगळं मोबाईलवरून करता येईल का? आणि संगणकावर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम टाकून त्यात फोल्डर केले तर सोपं पडेल का?

खाडीपलीकडे

जीमेलच्या अॅपमध्ये फिल्टर करता येत नाहीत. संगणक घ्या, नाहीतर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट उघडा. बोटं मोठी आणि रकाने बारीक, पण जमतं.

थंडरबर्डला एक मुख्य अट आहे: त्याचे फिल्टर संगणक चालू आणि थंडरबर्ड उघडं असेल तेव्हाच चालतात. जुलैत दोन दिवस लाइट नसली की दोन दिवस सगळं इनबॉक्समध्ये पडून. जीमेलचे फिल्टर गूगलच्या सर्व्हरवर चालतात, तुमच्याकडे लाइट असो नसो. थंडरबर्ड वापरायचंच तर आयमॅपने जोडा, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहते आणि इथे तीच दिसते. जीमेलची लेबलं तिथे फोल्डर म्हणून दिसतात. दोन लेबलं असलेली मेल दोन फोल्डरांत दिसेल, घाबरून एक पुसू नका. वर्गवारी जीमेललाच करू द्या, दोन्हीकडे नियम लावलेत की कुणी काय हलवलं ते शोधत बसाल.

फोन न वाजण्याचं कारण स्किप इनबॉक्स. अँड्रॉइडवर जीमेल अॅप, सेटिंग्ज, तुमचं खातं, मॅनेज लेबल्स, मग 'खोल्या'. आधी सिंक मेसेजेस चालू करायचं, त्यानंतरच त्या लेबलाचं नोटिफिकेशन चालू करता येतं. 'प्रत्येक मेलला सूचना' हीसुद्धा खूण करा, नाहीतर एकदाच वाजून गप्प बसतं.

पण माझं स्पष्ट मत: ज्या मेलला उत्तर द्यायचंय तिला स्किप इनबॉक्स लावूच नका. लेबल लावा, रंग द्या, इनबॉक्समध्ये राहू द्या. उत्तर दिलं की हाताने अर्काइव्ह, म्हणजे न पुसता इनबॉक्समधून बाजूला. स्किप इनबॉक्स जाहिराती, तिकिटं, वीजबिल यांना. बँकेची पैसे जमा झाल्याची मेलही मार्क अॅज रेड करू नका, आगाऊ रक्कम आली की नाही ते त्यावरूनच कळतं.

सुरूचं बन, रत्नागिरी

स्पॅमचं राहिलं. ऑर्डर फॉर्म मेल पाठवताना 'फ्रॉम'मध्ये गिऱ्हाईकाचा पत्ता घालतोय का बघा. म्हणजे मेल निघते तुमच्या वेबसाइटच्या सर्व्हरवरून आणि नाव सांगते दुसऱ्याच्या याहूचं किंवा जीमेलचं. तोतया समजून जीमेल तिला बाजूला काढतं. वेबसाइटवाल्याला सांगा: 'फ्रॉम'मध्ये तुमच्या वेबसाइटच्या डोमेनचा (@ पुढे वेबसाइटचं नाव असलेला) एकच ठरलेला पत्ता, गिऱ्हाईकाचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये. रिप्लाय दाबलं की उत्तर गिऱ्हाईकालाच जाईल. मग त्या ठरलेल्या पत्त्यावर फिल्टर: लेबल 'आंबा', शिवाय 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'. तोवर स्पॅम रोज चाळा, ३० दिवसांनी तिथलं आपोआप पुसलं जातं.

आमसूल, देवगड

फॉर्ममध्ये अगदी तसंच निघालं, गिऱ्हाईकाचाच पत्ता 'फ्रॉम'मध्ये होता. पहिला फिल्टर काढला, 'टू'वर नवा केला. जुन्या मेलनाही लेबल लावायचं तर? आणि जीएसटीची बिलं आपोआप सीएंकडे जायला हवीत.

खाडीपलीकडे

फिल्टरच्या दुसऱ्या पानावर तळाशी 'जुळणाऱ्या जुन्या संभाषणांनाही लावा' अशी चौकट असते, ती टिक करा. जुन्या फिल्टरने चुकीची लावलेली लेबलं मात्र आपोआप निघणार नाहीत, ती 'आंबा' उघडून हाताने काढा. डिलीटवाल्या फिल्टरला ही टिक नीट विचार करून, कारण जुन्याही मेल ट्रॅशमध्ये जातात आणि ३० दिवसांनी कायमच्या.

फॉरवर्डसाठी सीएंचा पत्ता आधी फॉरवर्डिंगच्या पानावर जोडावा लागतो. त्यांना कोड जातो, तो त्यांनी कळवला की मगच तो पत्ता फिल्टरमध्ये दिसतो. फॉरवर्ड फक्त नव्या मेलचं होतं, मागची बिलं हातानेच पाठवा.

सगळं बसलं की फिल्टर्सच्या पानावर सगळे निवडून एक्स्पोर्ट करा. एक्सएमएल फाइल मिळते. पुढच्या हंगामात काही बिघडवलंत तर तीच इम्पोर्ट करायची.