डीबीए ते प्रोजेक्ट मॅनेजर : सपोर्टची वर्षं पीएमपीला धरतात का?

नमस्कार मंडळी,

हिंजवडीला नोकरी, बी.ई., १६ वर्षं ओरॅकल डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा. त्यातली बरीचशी ऑन-कॉल. रात्री अडीचला टेबलस्पेस (डेटा ठेवायची जागा) भरली म्हणून फोन वाजतो, त्या रिंगटोनने आता लेकही उठून बसते. अप्रेझलमध्ये साहेबांनी विचारलं, "प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे येतोस का?" विचार करून सांगतो म्हणालो, त्याला दोन महिने झाले.

पीएमपीचे, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरच्या प्रमाणपत्राचे नियम वाचले. चार वर्षांची पदवी असेल तर अलीकडच्या वर्षांतला प्रोजेक्ट चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण. तासांचं काय, शनिवार-रविवार बसून होतील. घोडं अडतंय अनुभवापाशी. माझ्या कुठल्याच पत्रावर 'मॅनेजर' हा शब्द नाही. पण तीन मोठी मायग्रेशनं (डेटा जुन्या सिस्टीममधून नव्या सिस्टीममध्ये हलवणं) मी पार पाडलीत. गेल्या वर्षीच्या कटओव्हरचा, म्हणजे नव्या सिस्टीमवर जाण्याच्या रात्रीचा प्लॅन माझाच : शुक्रवारी रात्री १० ला ॲप बंद, ११ ला शेवटचा बॅकअप, पहाटे ४ पर्यंत डेटा जुळला नाही तर रोलबॅक, म्हणजे परत जुन्यावर. नेटवर्कवाले, टेस्टर, क्लायंटची माणसं, सगळ्यांची मोट मीच बांधली होती. हे धरतात का?

दुसरी अडचण जरा लाजिरवाणी आहे. त्याच रात्री ज्युनिअर एका स्क्रिप्टवर अडकला. पाच मिनिटं कसाबसा धीर धरला, मग "सरक जरा" म्हणून त्याच्या खुर्चीत बसलो. तासाभराने स्क्रिप्ट चालली. तोवर क्लायंटचे तीन मिस्ड कॉल, आणि पुढे काय करायचं ते कोणी सांगेना म्हणून टेस्टर कॅन्टीनमध्ये. असा माणूस पीएम म्हणून चालेल का? ही उडी मारलेल्यांनी स्पष्ट सांगा, राग मानणार नाही.

प्रतिसाद :
पद बघत नाहीत, काम बघतात. मायग्रेशनला सुरुवात आणि शेवट असतो, तो प्रोजेक्ट. रोजचा सपोर्ट, पॅचिंग म्हणजे ऑपरेशन्स, ते घालूच नका. एकाच महिन्यात दोन प्रोजेक्ट चालले असतील तरी महिना एकच मोजायचा, इथे बरेच जण फसतात. अर्ज ऑडिटला निवडला गेला तर त्या कामाची माहिती असलेल्या माणसाची सही लागते, तेव्हा जुन्या साहेबांना आधीच फोन करून ठेवा. महिने कमी पडले तर कॅपीएमला (पीएमपीच्या खालचं प्रमाणपत्र) अनुभवाची अट नाही, पण १६ वर्षांनंतर त्याचा फारसा उपयोग होईल असं मला वाटत नाही.

खुर्चीचं म्हणाल तर मीही तसाच होतो. शेवटी स्वतःचा प्रॉडक्शनचा, म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टीमचा ॲक्सेस काढून टाकायला लावला. पहिले काही महिने हात नुसते शिवशिवायचे.

धागाकर्ता :
आभार! रात्री बसून मोजले, २७ महिने भरतात. पुढचं अपग्रेड वर्षभर चालणार आहे, ते उद्या साहेबांकडे मागतो. ॲक्सेसचं वाचून मात्र पोटात गोळा आला. एकदम सगळा काढलात की आधी फक्त वाचण्यापुरता ठेवला होता?